धानाची राखण आणि दूर पल्ल्याची रायफल

तुमसर तालुक्याच्या उत्तर भागात, मध्य प्रदेशाच्या सीमेलगत नाकाडोंगरी हे गाव आहे. चिखला व डोंगरी बुजरुक येथील मँगनीजच्या खाणी याच मुलखातल्या. गावाभोवती धानाच्या बांध्या आणि बांध्यांपलीकडे लगेच वनखात्याचे रान. हलका धान निसवून लोंब्या दुधात आल्या की रानडुकरांचे कळप रात्री बांध्यांत उतरतात. खातात थोडे, परंतु लोळून व तुडवून नासधूस मात्र फार करतात. रोवणीपासून चार महिने राबलेल्या कुटुंबाचे पीक दोन रात्रींत जमीनदोस्त झालेले प्रस्तुत लेखकाने पाहिले आहे.

अशाच एका बांधीच्या धुऱ्यावर एका वयस्क शेतकऱ्याने विचारले, "साहेब, दोनशे मीटरवरून निशाणा लागंल अशी दुर्बिणीची रायफल घेतली तं चालंल का जी?" त्यांचे वडील ठासणीच्या बंदुकीने राखण करीत. ती बंदूक आता निकामी झाली होती, आणि मुलाने मोबाइलवर परदेशातील रायफलींची चित्रे दाखविली होती. हा प्रश्न अनेक गावांत निघतो, म्हणून त्याचा विचार येथे सविस्तर केला आहे.

प्रथम बोल्टची रायफल म्हणजे काय ते पाहू. तिच्या नळीच्या आत सर्पिल आटे पाडलेले असतात. त्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते व सरळ राहते. नळीच्या मागे दाराच्या कडीसारखा सरकणारा बोल्ट असतो. तो उचलून मागे ओढला की रिकामे काडतूस बाहेर पडते. पुढे ढकलून खाली दाबला की नवे काडतूस कोंडले जाते. हलणारे भाग थोडे आणि पकड घट्ट, यामुळे अचूक नेमासाठी ही रचना जगभर मान्यता पावली आहे.

अमेरिकेतील शेतकरी कुरणांत बिळे पाडणारे मोठ्या घुशीएवढे प्राणी अशा रायफलींनी दोनशे-तीनशे मीटरवरून टिपतात. त्यासाठी त्यांनी लहान बोअरची, अतिशय वेगवान व हलकी गोळी निवडली. ती जमिनीवर आपटताच बहुधा फुटून जाते. तेथे माळ उघडा, वेळ दिवसाची आणि जनावर लहान असते. आपल्याकडे यातील एकही गोष्ट नाही. रानडुक्कर वजनदार व चिवट. हलक्या गोळीने ते मरत नाही, जखमी होते. आणि जखमी डुक्कर अंधारात माणसावर उलटते.

आता अंतराचा विचार करा. उभ्या धानात, रात्री, विजेरीच्या उजेडात डुक्कर चाळीस-पन्नास मीटरपलीकडे क्वचितच ओळखू येते. जे ओळखू येत नाही त्यावर गोळी झाडायची नसते. २०२५ च्या आरंभी पालघर जिल्ह्यात शिकारीस गेलेल्या मंडळींनी रानडुक्कर समजून आपल्याच सोबत्यावर गोळी झाडली व तो प्राणास मुकला. तेव्हा दोनशे मीटरचा पल्ला विकत घेऊन राखणदाराच्या पदरात काही पडत नाही.

पडतो तो धोका. रायफलीची गोळी जनावर चुकली तर तीन-तीन किलोमीटरही जाऊ शकते. बांधीतील उथळ पाण्यावर ती तिरकी लागली तर दगडाच्या भाकरीप्रमाणे उसळून पुढे जाते. तीन मीटर उंच मचाणावरून वीस मीटरवरील डुकरावर नेम धरला तर गोळी दर सात मीटरला जवळजवळ एक मीटर उतरते व मातीत रुतते. त्याच मचाणावरून दोनशे मीटरवर नेम धरला तर ती जवळजवळ पाण्याला समांतर जाते. पुढे गाव असते, रस्ता असतो. उन्हाळी धान पिकतो त्याच दिवसांत तेंदूपत्ता तोडणारी माणसे पहाटेच्या अंधारात रानात शिरलेली असतात, हे नाकाडोंगरीच्या वाचकांस सांगावयास नकोच.

यास्तव राखणीसाठी गुळगुळीत नळीची बारा बोअरची बंदूक अधिक योग्य होय. मोठे छर्रे भरले असता तिचा खरा उपयोग तीस-पस्तीस मीटरपर्यंत, म्हणजे डुक्कर जेथे दिसते तेवढ्याच अंतरावर होतो. चुकलेले छर्रेही दूर जातात आणि घातकच असतात, परंतु रायफलीच्या गोळीइतके दूर नव्हे. कायद्याचा कलही याच बाजूस आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या १३ व्या कलमात पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख असून, ती अपुरी पडत असल्यास गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक देण्याची तरतूद आहे. मोठ्या बोअरच्या रायफलीसाठी सबळ कारण दाखवावे लागते. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे करावयाचा असतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीस दोनच शस्त्रे बाळगता येतात व परवाना पाच वर्षांचा असतो. निवडणुकीच्या काळात अनेक परवानाधारकांस शस्त्र जमा करावे लागते. २०२४ ची विधानसभेची निवडणूक नोव्हेंबरात, भारी धानाच्या दिवसांत आली होती. म्हणून सारी राखण एका बंदुकीवर सोपवू नये. मचाण, कुंपण व शेजाऱ्यांची आळीपाळीची गस्त चालू ठेवावी.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारण्याची परवानगी नव्हे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाखाली शिकारीस मनाई आहे. उभ्या पिकास धोका असल्यास ११ व्या कलमान्वये अधिकृत वनाधिकाऱ्याचा लेखी आदेश मिळवावा लागतो, आणि मारलेले जनावर सरकारजमा होते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हे ग्रामसभेत वाचून दाखवावे. नुकसान झालेल्या पिकाचा पंचनामा विनाविलंब करवून भरपाईचा अर्ज वनखात्याकडे देण्यासही मदत करावी. विजेचा प्रवाह सोडलेल्या तारांचा मार्ग तर कोणीही धरू नये. त्या तारांनी विदर्भात वाघ मेले आहेत आणि माणसेही.

काही घरांत मात्र वडिलोपार्जित रायफल असते. ती बहुधा ईशापूर येथील कारखान्याची ०.३१५ बोअरची, पाच काडतुसांची बोल्टची रायफल असते. लष्करी ०.३०३ बोअर नागरिकांस निषिद्ध, म्हणून हा बोअर आपल्याकडे रूढ झाला. तिची गोळी जड व सेकंदाला सुमारे ६०० मीटर वेगाची. नळीच्या सरळ रेषेपासून ती १०० मीटरवर वीतभराहून किंचित कमी आणि २०० मीटरवर जवळजवळ दीड हात खाली उतरते. म्हणजे अंतराचा अंदाज चुकला की नेम चुकलाच. ही दूर पल्ल्याची रायफल नव्हे, मग तीवर कितीही मोठी दुर्बीण चढवा. त्याच कारखान्याची ३०-०६ बोअरची रायफल सपाट मारा करते. पण बांधीवर तिचा धोका त्याच प्रमाणात वाढतो.

जुनी रायफल वारसाहक्काने नावावर करून घेताना किंवा विकत घेताना प्रथम बोल्ट काढून नळीतून उजेडाकडे पाहावे. आटे स्पष्ट दिसले पाहिजेत. गंजाने पडलेले खड्डे दिसल्यास ती नाकारावी. नळीच्या तोंडाची कड ठेचलेली असल्यास गोळी भरकटते. दस्ता लाकडी असेल तर पावसाळ्यात फुगून नळीस एका बाजूने टेकत नाही ना, ते कागदाची पट्टी सरकवून पाहावे. काडतूस व बोल्ट यांमधील अंतर परवानाधारक कारागिराकडून मापून घ्यावे. ते वाढले असेल तर काडतूस फुटून डोळ्यास इजा होऊ शकते. माझ्या मते हा खर्च दुर्बिणीच्या खर्चाआधी करावा. मग अधिकृत मैदानावर, टेकू देऊन, १०० मीटरवर पाच गोळ्या झाडाव्यात. त्या तळहाताएवढ्या जागेत बसल्या तर जुनी रायफल चांगली समजावी.

ज्या तरुणांना नेमबाजीचीच आवड आहे, त्यांची वाट वेगळी आहे. मान्यताप्राप्त नेमबाजी संघाच्या सदस्यास निशाण्याच्या सरावासाठी ०.२२ बोअरच्या रायफलीचा परवाना देण्याची तरतूद त्याच १३ व्या कलमात आहे. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये याच बोअरच्या रायफलीने ५० मीटर प्रकारात कांस्यपदक मिळविले. त्या निशाण्याच्या मध्यावरील दहा गुणांचे वर्तुळ केवळ १०.४ मिलिमीटरचे असते. या सरावासाठी दस्ता खांद्यास बसणारा, खटका हलका पण खात्रीचा आणि काडतुसे एकाच बनावटीची असावीत. मोठ्या बोअरची हाव येथेही आडच येते.

धुऱ्यावरील त्या शेतकऱ्याने सर्व ऐकून घेतले व जरा नाराजीनेच मान हलविली. पुढे त्यांनी बारा बोअरसाठी अर्ज केला. रानाच्या बाजूचे मचाण मागे घेऊन बांधीच्या आतल्या कोपऱ्यात बांधले आहे. तेथून डुक्कर येण्याची वाट वीस मीटरवर पडते आणि तिच्यामागे तलावाच्या पाळीचा मातीचा उंच भराव आहे.