जुना संगणक, नवे अंतरंग

नांगराचा फाळ झिजला म्हणून शेतकरी नांगर मोडीत काढीत नाही. तो लोहाराकडून फाळ बदलून घेतो आणि त्याच नांगराने पुढचा हंगाम पार पाडतो. घरातील संगणक मंद झाला, की मात्र "हा जुना झाला, आता नवाच घ्यावयास हवा," असे उद्गार सहज ऐकू येतात. याचे कारण उघड आहे. नांगराचे भाग डोळ्यांना दिसतात. संगणकाचे भाग पत्र्याच्या पेटीत झाकलेले असतात. परंतु मेजावर ठेवावयाचा संगणक ही अखंड वस्तू नसून अनेक स्वतंत्र भागांची जुळणी आहे. हे एकदा ध्यानी आले, म्हणजे त्यातील नेमका कोणता भाग जुना झाला आहे, हा प्रश्न विचारता येतो.

या जुळणीमागे मोठी योजना आहे. १९८१ साली आय.बी.एम. कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला, तेव्हा नवी कार्डे बसविण्यासाठी त्यात मोकळ्या खाचा ठेवल्या होत्या. पुढे १९९५ साली इंटेल कंपनीने 'ए.टी.एक्स.' नावाचे प्रमाण प्रसिद्ध केले. मदरबोर्डचे आकारमान, स्क्रूंच्या भोकांच्या जागा आणि वीजपुरवठ्याची जोडणी त्यात ठरवून दिली होती. निरनिराळ्या कारखानदारांनी हे प्रमाण स्वीकारल्यामुळे एकाने बनविलेला मदरबोर्ड दुसऱ्याने बनविलेल्या कॅबिनेटमध्ये बसू लागला. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर संगणकाचे भाग सुटे विकत घेऊन त्यांची जुळणी करता येते, ती अशा प्रमाणांमुळेच.

एका कुटुंबाने २०१४ साली असा जुळविलेला संगणक घेतला, असे समजा. त्यात इंटेलचा 'कोअर आय-५ ४४६०' हा प्रोसेसर आहे. वडिलांचे हिशेब, मुलांचा अभ्यास आणि दहा वर्षांची छायाचित्रे त्यातच आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०' या प्रणालीचा नियमित पाठिंबा थांबला. 'विंडोज ११' ही पुढील प्रणाली इतक्या जुन्या प्रोसेसरला अधिकृतपणे स्वीकारीत नाही. संपूर्ण नवा संगणक घेण्याइतका पैसा गाठीशी नाही. अशा वेळी काय करावे?

प्रथम दुखणे ओळखावे. संगणक केवळ सुरू होण्यास वेळ लावीत असेल, तर दोष बहुधा फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कचा असतो. तिच्या जागी एस.एस.डी. बसविली, तरी मोठा फरक पडतो. अनेक कामे एकदम उघडताच तो अडखळत असेल, तर रॅम, म्हणजे चालू कामापुरती माहिती धरून ठेवणारी स्मृती, अपुरी पडत असते. टास्क मॅनेजर उघडून पाहिल्यास कोणत्या भागावर ताण पडतो आहे ते कळते. या कुटुंबाची अडचण मात्र प्रोसेसरचीच आहे.

प्रोसेसर एकटा बदलता येत नाही. जुना प्रोसेसर मदरबोर्डवरील ज्या सॉकेटमध्ये बसतो, त्यात १,१५० स्पर्शबिंदू आहेत. नवा प्रोसेसर म्हणून ए.एम.डी. कंपनीचा 'रायझन ५ ५६००जी' निवडला, तर त्याला १,३३१ छिद्रांचे 'ए.एम.४' सॉकेट लागते. तेव्हा मदरबोर्ड बदलणे ओघानेच आले. रॅमचीही तीच गोष्ट. जुनी डी.डी.आर.३ रॅम २४० स्पर्शबिंदूंची असून ती १.५ व्होल्टवर चालते, नवी डी.डी.आर.४ रॅम २८८ बिंदूंची व १.२ व्होल्टची आहे. एकीच्या खाचेत दुसरी बसतच नाही. म्हणून प्रोसेसर, मदरबोर्ड व रॅम हे त्रिकूट एकदमच बदलावे लागते. नवा मदरबोर्ड कोणते प्रोसेसर स्वीकारतो, याची यादी त्याचा निर्माता प्रसिद्ध करतो. खरेदीपूर्वी ती अवश्य पाहावी.

बाकीचे बरेचसे भाग राहू शकतात. कॅबिनेट तर राहतेच. पडदा, कळफलक व माउस हेही राहतात. केवळ पडद्याच्या तारेचे टोक नव्या मदरबोर्डला जुळते की नाही, एवढे पाहावे. जुनी डिस्क साटा पद्धतीच्या जोडणीची असल्यामुळे नव्या मदरबोर्डलाही जोडता येते. परंतु दहा वर्षे फिरलेल्या डिस्कवर एकमेव प्रत म्हणून विसंबू नये. तिला दुय्यम साठा समजावे.

दोन चुका येथे वारंवार घडतात. पहिली चूक चित्राची. जुन्या प्रोसेसरमध्ये पडद्यावर चित्र उमटविण्याची सोय अंगचीच होती; वेगळे ग्राफिक्स कार्ड नव्हते. 'रायझन ५ ५६००जी' मध्ये ती सोय आहे. त्याच्याच नावासारख्या 'रायझन ५ ५६००' मध्ये नाही. एका अक्षराकडे दुर्लक्ष झाले, तर सर्व जुळणी अचूक होऊनही पडदा काळाच राहतो! दुसरी चूक विजेची. भिंतीतील वीज संगणकास योग्य अशी करून देणाऱ्या पेटीस एस.एम.पी.एस. म्हणतात. तिच्यातील कपॅसिटर कालांतराने निकामी होत जातात. ती स्वस्त व अनोळखी बनावटीची असेल, तर तेथे काटकसर करू नये. कारण ती बिघडल्यास इतर भागांनाही धोका पोहोचतो.

प्रत्यक्ष कामास हात घालण्यापूर्वी छायाचित्रे व कागदपत्रे यांची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. नंतर वीज बंद करून तार काढावी आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूस हात लावावा, म्हणजे अंगावरील स्थिर विद्युत निघून जाते. प्रोसेसर सॉकेटमध्ये दाबून बसवू नये; खूण जुळली, की तो आपल्या वजनानेच खाली बसतो. त्यावर थंड करणारा पंखा बसविताना मध्ये उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट असावी. जुळणीनंतर प्रणाली नव्याने भरणे श्रेयस्कर असते. संगणकाबरोबर मिळालेला विंडोजचा परवाना पुष्कळदा मूळ मदरबोर्डशी निगडित असतो. म्हणून त्याचा खर्चही आधीच हिशेबात धरावा. लिनक्ससारखी विनामूल्य प्रणाली हा दुसरा मार्ग आहे.

काढलेले तीन भाग कचऱ्यात टाकू नयेत. संयुक्त राष्ट्रांच्या सहभागाने झालेल्या मोजणीनुसार २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन विद्युत-कचरा निर्माण झाला. त्यापैकी रीतसर गोळा होऊन पुनर्वापरास गेला, तो पाव हिश्शाहूनही कमी. मदरबोर्डमध्ये तांबे व सोने असते, तसेच जुन्या मदरबोर्डमध्ये शिसेही असू शकते. असे भाग उघड्यावर जाळल्यास हवा व माती विषारी होते. म्हणून चालू स्थितीतील भाग गरजवंतास द्यावेत आणि उरलेले नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे पोहोचवावेत.

संध्याकाळी त्याच कॅबिनेटचे बटन दाबले जाते, त्याच पडद्यावर चित्र उमटते. बाहेरून पाहणाऱ्यास काहीच बदललेले दिसत नाही. बदल झालेला असतो तो आत, आणि ज्या घराने आपला संगणक उघडून ओळखून घेतला, त्या घराच्या ज्ञानात.