कीटकनाशकांचे दुकान : परवाना कोणाचा, जबाबदारी कोणाची?

कापडाचा धंदा कापसावर आणि कापसाचे पीक फवारणीवर अवलंबून आहे. त्यामुळे तालुक्याच्या बाजारपेठेत कृषी सेवा केंद्र काढण्याचा विचार करणारे तरुण आमच्याकडे सल्ला विचारायला येतात. त्यांना आम्ही प्रथम एकच गोष्ट सांगतो. खेड्यात याला 'औषध' म्हणत असले तरी कायद्याच्या नजरेत तो विषाचा व्यापार आहे.

कायदा का झाला ते समजले की नियम जाचक वाटत नाहीत. १९५८ साली केरळात पॅराथिऑन हे विष मिसळलेले गव्हाचे पीठ खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. पीठ आणि विष एकाच जहाजातून आले होते. पुढे १९६८ चा कीटकनाशके अधिनियम व १९७१ चे नियम झाले. म्हणूनच ज्या इमारतीत माणसांचे वा जनावरांचे खाद्य ठेवले किंवा विकले जाते, तेथे शेतीची कीटकनाशके ठेवण्यास मनाई आहे. सीलबंद घरगुती कीटकनाशकांच्या किरकोळ विक्रीपुरती सवलत आहे. सबब किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत डबे रचण्याचा बेत करू नये.

परवाना कृषी खात्याच्या परवाना अधिकाऱ्याकडून मिळतो. तो जागेगणिक वेगळा असतो. एका परवान्यावर दोन गावांत दुकान चालत नाही. ज्या कंपनीचा माल विकायचा, तिचे उगम प्रमाणपत्र लागते. २०१५ च्या दुरुस्तीने शिक्षणाची अटही आली. अर्जदाराजवळ किंवा त्याने नेमलेल्या माणसाजवळ कृषी पदवी, रसायन, वनस्पती वा प्राणिशास्त्र घेऊन विज्ञान पदवी, अथवा कृषी वा उद्यानविद्येची एक वर्षाची पदविका हवी. हैदराबादच्या 'मॅनेज' संस्थेची 'देसी' पदविका दुकानदारांसाठीच असून तिचे वर्ग आठवड्यातून एक दिवस भरतात.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. पदवीधराचे प्रमाणपत्र भाड्याने आणून भिंतीवर टांगायचे आणि गल्ल्यावर कोणालाही बसवायचे, हा मार्ग धोक्याचा आहे. शेतकरी औषधाचे प्रमाण विचारतो ते गल्ल्यावरच्या माणसाला. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे मेली. कोणते औषध किती पाण्यात घालावे, तोंडाला काय बांधावे, हे सांगणारा जाणकार दुकानात हजर असलाच पाहिजे.

डब्यावरील रंगीत त्रिकोण पाहायला शिका. लाल म्हणजे अत्यंत विषारी. त्यानंतर उतरत्या क्रमाने पिवळा, निळा व हिरवा.

आता हिशेबाची बाब. पक्के बिल, बॅच क्रमांक आणि साठा नोंदवही ही दुकानदाराची ढाल आहे. माल अप्रमाणित निघाला, तरी तो परवानाधारकाकडूनच घेतला, योग्य काळजी घेऊनही दोष कळणे शक्य नव्हते आणि माल नीट, जसाच्या तसा ठेवला, हे सिद्ध करणाऱ्या विक्रेत्याला कायदा संरक्षण देतो. कच्च्या बिलावर स्वस्तात घेतलेल्या मालाला ते मिळत नाही.

निरीक्षकाने नमुना घेतल्यास त्याचे तीन भाग होतात. एक आपल्याला मिळतो. तो जपून ठेवावा. विश्लेषकाचा अहवाल मान्य नसेल तर तो मिळाल्यापासून २८ दिवसांत तसे लेखी कळवावे लागते. मुदत टळली की तोच अहवाल पुरावा म्हणून कायम होतो. परवान्यासंबंधीच्या निर्णयाविरुद्ध अपिलाला ३० दिवस असतात. ज्यांना कागद वाचता येत नाही त्यांनी तो त्याच दिवशी जाणकाराला दाखवावा.

या धंद्यात नफा आहे. परंतु शिकलेला माणूस, वेगळी जागा आणि पक्का हिशेब, या तिन्हींची तयारी असेल तरच अर्ज करावा.