आधी किती होतं? (किडनी आणि आयसीयू : लेखांक ९)

डायलिसिस लवकर सुरू करावं की थोडं थांबावं, यावर झालेल्या मोठ्या चाचण्यांबद्दल आज लिहिणार होतो. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतोय. कारण कोपरखैरण्याहून आलेलं एक पत्र. लिहिणाऱ्याचे वडील सत्तरीचे. तुर्भ्याच्या मसाला मार्केटात माथाडी म्हणून आयुष्य काढलं, आता साताऱ्याकडे गावी असतात. ताप आला, न्यूमोनिया झाला, दम लागला, तेव्हा रातोरात गाडीत घालून वाशीला आणलं. क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) २.४. आयसीयूतल्या डॉक्टरांनी विचारलं, 'आधी किती होतं?' पत्रलेखक वैतागून लिहितात, 'आम्ही कधी तपासलंच नव्हतं. आणि माणूस एवढा अत्यवस्थ असताना जुना आकडा कशाला हवा?'

हा माझ्या फार जिव्हाळ्याचा विषय आहे, त्यामुळे अख्खा लेखांक यावरच.

किडनीला अचानक इजा झाली असं कधी म्हणायचं, याचे २०१२चे केडिगो निकष आपण पाहिले आहेत. क्रिएटिनिनमध्ये ४८ तासांत ०.३ची वाढ, किंवा सात दिवसांत दीडपट. लघवीचा निकष आज बाजूला ठेवू. दीडपट, पण कशाच्या? या प्रश्नाशी सगळी व्याख्या येऊन अडते. रुग्ण जर चार दिवस वॉर्डात होता आणि मग बिघडला, तर त्याचा आधीचा आकडा फाईलमध्येच असतो. पण आपल्याकडे किडनीला बसणारा मार पुष्कळदा घरी, शेतात, कामावर असतानाच बसतो. जुलाब, मलेरिया, लेप्टो, घोणस चावणं, अंगदुखीवर महिनोन्‌महिने घेतलेल्या गोळ्या. माणूस दवाखान्याच्या दारात येतो तेव्हा आकडा चढलेलाच असतो.

मग संशोधक काय करतात? २००४ साली रायफल ही व्याख्या आली. तिच्या कर्त्यांनी तोडगा काढला की, जुना रिपोर्ट नसेल तर किडनीची गाळण्याची क्षमता मिनिटाला ७५ मिलिलिटर होती असं धरा आणि सूत्र उलटं चालवून क्रिएटिनिन काढा. त्यांनी वयानुसार तक्ताच दिला. पासष्टीपुढच्या पुरुषाला १.०, बाईला ०.८. कागदावर छान दिसतं. आता दोन माणसं घ्या. एक, वीस वर्षांचा मधुमेह असलेले आजोबा. त्यांचं नेहमीचं क्रिएटिनिनच २.०, आजारपणात २.४ झालं. खरी वाढ १.२ पट, म्हणजे फार तर इजेची पहिली पायरी, तीही ४८ तासांत झाली असेल तर. पण तक्त्यातला १.० धरला की २.४ पट, थेट दुसरी पायरी. दुसरी, काटकुळी आजी. तिचं नेहमीचं ०.५, आता १.०. खरं तर दुप्पट झालं, म्हणजे दुसरी पायरी. तक्त्याप्रमाणे १.२५ पट, म्हणजे काहीच झालेलं नाही! लॅबच्या रिपोर्टवरही तिच्या आकड्यापुढे तारा नसतो, कारण १.० हे 'नॉर्मल'च्या चौकटीत बसतं. अशी शेकडो आजोबा-आजी एका अभ्यासात एकत्र आली की 'अमुक टक्के रुग्णांना किडनीची इजा झाली' या वाक्यावर किती विसंबायचं ते तुम्हीच ठरवा. मी असा कुठलाही शोधनिबंध उघडला की निष्कर्ष नंतर वाचतो. आधी पद्धतीच्या भागात 'आधीचा आकडा कुठून आणला' ते शोधतो. तिथे मोघम लिहिलं असेल तर पुढचं वाचताना भुवई वरच राहते.

आता बऱ्याच अभ्यासांत दाखल होण्याआधीच्या ७ ते ३६५ दिवसांतला रिपोर्ट ग्राह्य धरतात. सात दिवसांच्या आतला नको, कारण तेव्हा आजार सुरू झालेला असू शकतो. वर्षापलीकडचा नको, कारण मधल्या काळात किडनी सावकाश उतरलेली असू शकते. जिथे प्रत्येकाचे रिपोर्ट वर्षानुवर्षे एका संगणकात साठतात तिथे हे सहज जमतं. आपल्याकडे घणसोलीला एक लॅब, गावी दुसरी, आणि कागद घडी घालून गादीखाली.

आजीचं ०.५ आणि तिच्या माथाडी शेजाऱ्याचं १.२, दोन्ही ठणठणीत कसे? कारण क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. पन्नास-पन्नास किलोची पोती वाहणाऱ्या माणसाच्या अंगात ते रोज जास्त तयार होतं, म्हणून रक्तातही जास्त दिसतं. आणि आयसीयूत नेमकं हेच गणित बिघडतं. २०१३ साली लंडनच्या डॉक्टरांनी आयसीयूतल्या ६३ रुग्णांच्या मांडीचा स्नायू सोनोग्राफीनं मोजत नेला. दहा दिवसांत तो सरासरी सुमारे १८ टक्के आटला होता! स्नायू आटला की क्रिएटिनिन कमी बनतं. म्हणजे तीन आठवडे आयसीयूत काढून घरी निघालेल्या माणसाचं क्रिएटिनिन ०.८ आलं की घरचे पेढे वाटतात, पण ती किडनी सुधारल्याची खूण असेलच असं नाही, दंड-मांड्या आटल्याचीही असू शकते. सुरुवातीच्या दिवसांत वेगळीच गंमत. चार-पाच लिटर सलाईन गेलेलं असतं, त्या पाण्यात क्रिएटिनिन पातळ होतं आणि इजा असूनही आकडा हळूहळू चढतो. सिस्टॅटिन-सी ही दुसरी तपासणी स्नायूंवर इतकी अवलंबून नाही. पण तिच्यावर स्टेरॉइड आणि थायरॉइडचा परिणाम होतो, आणि ती महागही पडते.

बरं, हा आकडा काढतात कसा? १८८६ साली माक्स याफे या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं पाहिलं की अल्कलीत मिसळलेलं पिक्रिक आम्ल क्रिएटिनिनला भेटलं की नारिंगी-लाल रंग येतो. हे पिक्रिक आम्ल म्हणजे एकेकाळी तोफगोळ्यांत भरायचे तेच. कोरडं झालं तर स्फोटक, म्हणून ओलंच ठेवतात. सव्वाशेहून अधिक वर्षं झाली, पण आजही असंख्य लॅबमध्ये हीच पद्धत सुधारून वापरतात, कारण स्वस्त आहे. तिची खोड अशी की रक्तात कावीळ फार असेल तर बिलिरुबिन त्या रंगात ढवळाढवळ करतं आणि क्रिएटिनिन खरं असतं त्याहून कमी दिसू शकतं. उलट, शुगर भडकून रक्तात कीटोन वाढले असतील तर ते जास्त दिसतं.

आता योगायोग पाहा. त्याच १८८६ साली आडोल्फ वाइल यांनी कावीळ आणि किडनी एकदमच बिघडवणाऱ्या तापाचं वर्णन केलं. तेच आपलं लेप्टोस्पायरोसिसचं गंभीर रूप. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालणाऱ्या नवी मुंबईकराला याची ओळख करून द्यायला नको. म्हणजे ज्या आजारात डोळे पिवळेजर्द होतात आणि किडनीही जाते, त्याच आजारात ही रंगाची पद्धत दगा देऊ शकते. भरीस भर, लेप्टोत पुष्कळदा लघवी भरपूर होत राहते आणि पोटॅशियम चढण्याऐवजी उतरतं. लघवीची पिशवी भरलेली, क्रिएटिनिन काविळीनं दबलेलं. अशा वेळी एन्झाइमच्या पद्धतीनं पुन्हा तपासून घेतात. निदान घ्यावं.

आधीचा आकडा हाताशी असला की काय होतं, याचं मुंबईतलं उदाहरण फार कडू आहे. १९८६च्या सुरुवातीला जे. जे. रुग्णालयात वेगळ्याच आजारांसाठी दाखल असलेल्या रुग्णांच्या किडन्या बंद पडू लागल्या. १४ जण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल निघालं. न्यायमूर्ती लेंटिन आयोगानं औषधखरेदीपासून मंत्रालयापर्यंत सगळं उघडं पाडलं, ते जुन्या वाचकांना आठवत असेल. माणूस डोळ्यांदेखत वॉर्डात होता, त्याची लघवी चालू होती आणि मग बंद झाली. या 'आधी' आणि 'नंतर'च्या मध्ये काय दिलं गेलं, एवढंच शोधायचं होतं. तेच विष २०२५ साली खोकल्याच्या औषधातून छिंदवाड्याच्या मुलांच्या पोटात गेलं. तिथली कितीतरी मुलं आपल्या नागपूरला उपचारांसाठी आणली होती. त्या बाटलीत ते ४८.६ टक्के निघालं आणि वीसहून जास्त मुलं गेली. ती घरी आजारी पडली होती. चार वर्षांच्या धडधाकट पोराचं क्रिएटिनिन कोण कशाला तपासेल? मुलांच्या बाबतीत एक सोय आहे, त्या वयात ते ०.३ ते ०.५च्या आसपास असणार हे धरून चालता येतं. पण मोठ्यांसाठी छापलेल्या चौकटीत त्याच मुलाचं ०.९ निमूट 'नॉर्मल' म्हणून बसतं.

पत्रलेखकाला मी कळवलं होतं की गावी फोन करा आणि जुन्या ऑपरेशनची फाईल शोधायला सांगा. मोतीबिंदू असो की हर्निया, भूल देण्याआधी रक्त तपासलेलं असण्याची शक्यता बरी असते. फाईल सापडली. हर्निया, दोन वर्षांपूर्वीची. क्रिएटिनिन १.९. तो आकडा ३६५ दिवसांच्या बाहेरचा, तेव्हा कुठल्याही काटेकोर अभ्यासात तो बाद. पण खाटेजवळच्या डॉक्टरला लाखमोलाचा. किडनी आधीपासून थकलेली होती आणि न्यूमोनियानं वर आणखी भार टाकला, असं आता म्हणता येतं. सोनोग्राफीत किडन्या लहान दिसल्या तर ते आणखी पक्कं. मधुमेह असेल तर मात्र जुनाट आजारातही त्या आकारानं चांगल्या दिसतात, तेव्हा नुसत्या सोनोग्राफीवर विसंबू नये. आणि मुख्य म्हणजे उपचारांचं लक्ष्य बदलतं. या गृहस्थांचं क्रिएटिनिन १.०वर आणायचा हट्ट धरण्यात अर्थ नाही, १.९च्या आसपास आलं की ते आपल्या जागी परतले.

पुढच्या आठवड्यात डायलिसिस, नक्की. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या स्टार्ट-एकेआय चाचणीत ३,०१९ रुग्ण होते. ज्यांची किडनी आधीच फार उतरलेली होती, गाळण्याची क्षमता २०च्या खाली, त्यांना त्यात घेतलंच नव्हतं. म्हणजे तिथेही दारातच प्रश्न होता, आधी किती होतं. उलव्याच्या वाचकानं लॅसिक्सच्या इंजेक्शनबद्दल विचारलं आहे, ते त्यातच घेईन.