हळद, लवंग, ओवा आणि नॅनोवाहक

• नॅनोवाहक : औषध स्वतःच्या आत भरून घेऊन जाणारा अतिसूक्ष्म कण. 1 मिलिमीटर म्हणजे 10 लाख नॅनोमीटर. हे कण बहुधा काहीशे नॅनोमीटरपेक्षा लहान.

• वनस्पतिज घटक : लवंगेतले युजेनॉल, ओव्यातले थायमॉल, हळदीतले कर्क्युमिन. प्रयोगांत बुरशीच्या पेशीपटलाला इजा करतात. पण पाण्यात नीट विरघळत नाहीत. पहिले दोन उडूनही जातात. वाहकात कोंडले की टिकतात, हळूहळू सुटतात.

• लायपोसोम : नॅनोवाहकाचा एक प्रकार; मेदाच्या दुपदरी आवरणाची पोकळ गोळी. ॲम्फोटेरिसिन-बी हे जुने, जिवाणूपासून मिळणारे बुरशीनाशक मूत्रपिंडाला जाचते. लायपोसोममध्ये भरल्यावर हा त्रास कमी होतो. या रूपाला अमेरिकेत 1997मध्ये मान्यता. 2021मध्ये म्युकरमायकोसिस हा बुरशीजन्य आजार पसरला तेव्हा महाराष्ट्रात तुटवडा पडला तो याच रूपातल्या इंजेक्शनचा.

• फरक : लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन रुग्णालयांत वापरात, वनस्पतिज नॅनोऔषधे बहुतांशी अजून प्रयोगशाळेत.