विमान वाहतूक व्यवस्थापनाची पदवी कशासाठी?
या पदवीने वैमानिक होता येत नाही. त्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा परवाना वेगळा मिळवावा लागतो. तरीही ही पदवी मोलाची आहे. किंगफिशर ही विमान कंपनी २०१२ मध्ये आणि जेट एअरवेज २०१९ मध्ये जमिनीवर आली, ती प्रवासी नव्हते म्हणून नव्हे, तर पैशाचे गणित कोलमडले म्हणून. इंधन, भाड्याची विमाने, उड्डाणांच्या ठरलेल्या वेळा यांचा हिशेब हाच या अभ्यासाचा गाभा आहे. मग साधे एमबीए का पुरू नये? वित्त तिथेही शिकवतात, हे खरे. पण मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी सहसा एकच वापरता येते. तिथे एक विमान रखडले की दिवसभराच्या फेऱ्या कशा सावरायच्या, हे सर्वसाधारण अभ्यासक्रमात येत नाही. म्हणूनच विमानतळावरच्या प्रत्यक्ष प्रशिक्षणाची सोय आहे का, हे प्रवेशापूर्वी जरूर विचारावे.