रानात पाहुणा कोण?

अमेरिकेत १९६४ साली 'वाइल्डरनेस अ‍ॅक्ट' झाला. त्यातली व्याख्या थोडक्यात अशी, की जिथं माणूस फक्त पाहुणा म्हणून येतो, मुक्काम करून राहत नाही, ती वाइल्डरनेस. तिथं मोटारीला बंदी. पाठीवर सामान घ्या, चाला, तंबू ठोका, परत जा.

या शब्दाला मराठीत जोड शोधून बघा. अरण्य, वन, रान. एकही नीट बसत नाही. पुण्या-साताऱ्याकडे तर शेतालाच रान म्हणतात, आपण वावर म्हणतो. आपल्या रानात कोणीतरी असतंच: गुराखी असतो, मोह वेचणारी बाई असते.

आता ताडोबा घ्या. १९५५ साली ११६ चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान झालं, १९९५ साली व्याघ्रप्रकल्प. बोटेझरी, जामणी अशी आतली गावं बाहेर वसवली गेली. म्हणजे व्याख्या अमेरिकेची घेतली आणि नियम मात्र उलटा केला. तिकडे गाडी बंद, इकडे गाडीतून उतरणं बंद! पाहुणा जिप्सीत बसून वाघ बघतो, पैसे मोजून.

वाघ काही गेटपाशी थांबत नाही. ब्रह्मपुरीच्या बाजूनं वैनगंगा ओलांडून तो आपल्या आरमोरी-वडसा पट्ट्यात येतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल पहाटे गळतं, ते वाकूनच वेचावं लागतं. वाघ बघायची हौस त्या बाईला नसते. ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा परिसरात पकडलेल्या 'सीटी-१' वाघाच्या नावावर तेरा माणसं होती.

रामचंद्र गुहांनी १९८९ साली लिहिलं होतं, की ही वाइल्डरनेसची कल्पना भारतात आणली की गरिबाच्या वाट्याचं श्रीमंताकडे जातं. मला हे बरंचसं पटतं. पण निर्मनुष्य गाभा राखला नसता तर ताडोब्यात एवढे वाघ टिकले नसते, हेही मान्य करायला हवं. माझी तक्रार व्याख्येबद्दल आहे. तिच्यात चालत आलेली बाई घुसखोर ठरते आणि गाडीतला माणूस पाहुणा.

धानोऱ्याजवळच्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली १,८०९ हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. तिथं बांबू कधी तोडायचा, किती तोडायचा, हे ग्रामसभा ठरवते. तिथं वाइल्डरनेस नाही, पण जंगल आहे. आणि तिथं गेलात तर पाहुणे तुम्ही-आम्ही असतो.