गोळी घेतल्यानंतरची नोंद

जंतनाशक दिनाची सकाळ. बोईसरजवळच्या बेटेगावसारख्या एखाद्या गावातील शाळा. मुले रांगेत उभी आहेत. बाई प्रत्येकाला अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी देतात आणि ती चावून खायला सांगतात. समजा, तासाभराने सहावीतली एक मुलगी पोट दुखते म्हणून रडू लागली आणि तिच्या पाठोपाठ एका मुलाला उलटी झाली. बाईंनी काय करावे? मुलांना मोकळ्या हवेत विश्रांती द्यावी, आरोग्य केंद्राला कळवावे, हे तर खरेच. पण आणखी एक काम असते आणि नेमके तेच बहुधा राहून जाते. ते म्हणजे घडले ते लिहून ठेवणे आणि योग्य ठिकाणी पोहोचवणे. या साध्या कामावर एक संपूर्ण शास्त्र उभे आहे. त्याला फार्माकोव्हिजिलन्स किंवा मराठीत औषधदक्षता म्हणतात.

कारखान्यात काय कळते?

बेटेगावपासून जवळच तारापूरची औद्योगिक वसाहत आहे. तेथील काही कारखान्यांत औषधांची मूळ द्रव्ये तयार होतात. आपल्या वर्गातील एखाद्या मुलाचे वडील अशा कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला असतील, तर ते सांगू शकतील की प्रत्येक बॅचचा नमुना तपासल्याशिवाय माल बाहेर जात नाही. द्रव्य तेच आहे का, शुद्ध किती आहे, नको ते काही मिसळले आहे का, हे तेथे पाहिले जाते.

ही तपासणी चुकली तर काय होते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. डोळ्यातील किंवा कवटीतील दाब कमी करण्यासाठी त्यांना ग्लिसरॉल दिले होते. त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलिन ग्लायकॉल हे औद्योगिक द्रव्य मिसळलेले होते. तेही ग्लिसरॉलसारखेच रंगहीन, दाट आणि गोडसर असते, पण ते मूत्रपिंडे निकामी करते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने १९८८ मध्ये या प्रकरणातील ढिलाई उघड केली. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या सिरपमुळे मुले दगावली, तेव्हाही त्यात हेच विष सापडले.

अशा प्रसंगी प्रत्येक मृत्यू सुटा पाहिला तर फारसा बोध होत नाही. माणूस आधीच आजारी असतो, त्यामुळे मरणाला दुसरे कारण सहज मिळते. पण चार कागद शेजारी ठेवले की सर्वांना एकच औषध दिले होते, हे दिसू लागते. म्हणून नोंद हवी.

शुद्ध औषधही बाधते

भेसळीचा दोष प्रयोगशाळेत पकडता येतो. पण औषध अगदी शुद्ध आहे, मात्रा बरोबर आहे, तरीही एखाद्याच्या अंगावर फोड येतात, एखाद्याच्या यकृताला इजा होते. हा दोष गोळीत शोधून सापडत नाही, कारण तो गोळी आणि विशिष्ट शरीर यांच्या भेटीत घडतो. याला औषधाची प्रतिकूल प्रतिक्रिया म्हणतात.

मग नवे औषध बाजारात येण्यापूर्वी माणसांवर चाचण्या होतात, तेव्हा हे कळत नाही का? नेहमी होणारे त्रास कळतात. विरळ त्रास मात्र निसटतात. असे का, हे एका सोप्या प्रयोगातून वर्गात दाखवता येईल.

एक किलो तांदळात साधारणपणे ४० ते ५० हजार दाणे असतात. त्यांतील पाच दाणे शाईने रंगवून पुन्हा मिसळून टाका. म्हणजे दहा हजारांत सुमारे एक दाणा रंगीत झाला. आता विद्यार्थ्यांना एकेक मूठ तांदूळ काढून थाळीत पसरायला सांगा. बहुतेक मुठींत एकही रंगीत दाणा नसेल. मूठ म्हणजे औषधाची चाचणी आणि पिशवी म्हणजे सारा समाज.

हेच गणिताने पाहू. एखादा गंभीर त्रास दहा हजारांत एकाला होतो आणि चाचणीत ३,००० माणसे आहेत. एका माणसाला त्रास न होण्याची शक्यता ०.९९९९. तीन हजारांपैकी एकालाही न होण्याची शक्यता ०.९९९९ चा ३,००० वा घात, म्हणजे सुमारे ०.७४. याचा अर्थ असा, की असा त्रास चाचणीत मुळीच न दिसण्याची शक्यता ७४ टक्के आहे! तो निदान एकदा तरी दिसावा अशी ९५ टक्के खात्री हवी असेल, तर सुमारे ३०,००० माणसे लागतील. शिवाय चाचण्यांत लहान मुले, गरोदर स्त्रिया, एकाच वेळी चार औषधे घेणारे वृद्ध सहसा थोडेच असतात. उरलेली पिशवी तपासायची, तर ती औषध बाजारात आल्यानंतरच.

एका छोट्या पत्राची किंमत

थॅलिडोमाइड हे झोपेचे औषध १९५७ पासून पश्चिम जर्मनीत विकले जात होते. गरोदरपणातील मळमळीवरही ते दिले जाई. पुढे हातापायांत व्यंग असलेली मुले जन्मू लागली. १९६१ मध्ये जर्मनीत लेंझ यांनी आणि ऑस्ट्रेलियात मॅकब्राइड यांनी या औषधावर बोट ठेवले. मॅकब्राइड यांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाला लिहिलेले पत्र अवघ्या काही ओळींचे होते. तोवर जगभरात दहा हजारांवर मुलांना इजा झाल्याचा अंदाज आहे.

या धक्क्यातून नोंदींची व्यवस्था जन्मली. ब्रिटनमध्ये १९६४ मध्ये डॉक्टरांसाठी पिवळे कार्ड आले. १९६८ मध्ये दहा देशांनी मिळून जागतिक आरोग्य संघटनेचा कार्यक्रम सुरू केला. त्याच्या नोंदी आज स्वीडनमधील उप्साला येथे एकत्र होतात. भारत १९९८ मध्ये त्यात सामील झाला. २००४ मध्ये आपल्याकडे राष्ट्रीय कार्यक्रम आखला गेला, तेव्हा त्याच्या दोन विभागीय केंद्रांपैकी एक मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात होते. सध्याचा भारतीय औषधदक्षता कार्यक्रम जुलै २०१० मध्ये सुरू झाला. एप्रिल २०११ पासून त्याचे समन्वय केंद्र गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. देशभरातील वैद्यकीय महाविद्यालयांतील केंद्रांकडून तेथे नोंदी जातात.

कोणी कळवायचे आणि काय?

डॉक्टर, परिचारिका, औषधविक्रेते तर कळवू शकतातच, पण रुग्ण किंवा त्याच्या घरची माणसेही कळवू शकतात. त्यासाठी मराठीतही अर्ज आहे आणि १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर कामकाजाच्या दिवशी विनामूल्य फोन करता येतो. किमान चार गोष्टी हव्यात: रुग्ण कोण (पूर्ण नाव नको, आद्याक्षरे व वय पुरे), संशयित औषध कोणते, काय झाले आणि कळवणारा कोण. वेष्टनावरील बॅच क्रमांक, मात्रा, गोळी किती वाजता घेतली, त्रास किती वाजता सुरू झाला आणि सोबत दुसरी कोणती औषधे चालू होती, हे लिहिले तर नोंदीचे मोल वाढते. म्हणून रिकामे वेष्टन लगेच फेकू नये.

औषधामुळेच त्रास झाला हे सिद्ध करण्याची जबाबदारी कळवणाऱ्याची नाही. संशय पुरेसा आहे. नोंद म्हणजे कोणावर आरोपही नव्हे. निर्णय पुढे तज्ज्ञ करतात, कारण ‘गोळीनंतर’ आणि ‘गोळीमुळे’ यांत फरक असतो. औषध थांबवल्यावर त्रास कमी झाला का, मूळ आजारानेच तो झाला असेल का, इतरांच्या नोंदी काय सांगतात, हे पाहून ते संशयाला निश्चित, संभवनीय, शक्य अशा पायऱ्यांवर बसवतात. एकेक नोंद कच्ची असते. हजारो नोंदींतून इशारा उमटतो.

पुन्हा शाळेत

आता बाईंकडे वळू. पोटात जंत पुष्कळ असले तर गोळीनंतर मळमळ, पोटदुखी, उलटी होऊ शकते. हा त्रास सहसा सौम्य असतो आणि लवकर थांबतो. लोहाच्या साप्ताहिक गोळीनंतर शौचाला काळे होते, तेही अपेक्षितच. हे पालकांना आधीच सांगितले तर घबराट पसरत नाही आणि दोन मुलांच्या उलटीवरून सारे गाव गोळीला नाही म्हणत नाही. जंतांमुळे होणारा पांडुरोग आणि खुंटलेली वाढ ही तर दररोजची हानी आहे. भीतीने ती गोळी नाकारणे परवडणारे नाही.

पण सौम्य म्हणून नोंद टाळू नये. किती मुलांनी गोळी घेतली आणि किती जणांना काय झाले, हे दोन्ही आकडे लिहावेत. ‘चार मुलांना त्रास झाला’ यातून काहीच कळत नाही. ‘१८० पैकी चार’ म्हटले की तुलना करता येते. आजारी मुलाला त्या दिवशी गोळी दिलेली नाही, हेही लिहावे. अंगावर पुरळ, श्वासाला अडथळा, भोवळ यांपैकी काहीही दिसले तर मात्र वही बाजूला ठेवून आधी दवाखाना गाठावा.

थाळीत पसरलेल्या तांदळातला रंगीत दाणा आपोआप बोलत नाही. तो कोणीतरी पाहावा लागतो, उचलून बाजूला ठेवावा लागतो. तो दाणा बेटेगावच्या वर्गात दिसला आणि लिहिला गेला नाही, तर गाझियाबादला किंवा उप्सालाला तो कधीच कळणार नाही.